भूकंप? तो महाराष्ट्रात!

सुरक्षित राहायचं असेल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: गोव्यात भूकंप होत नाही. तो महाराष्ट्रात होतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना हादरली तेव्हा धक्का इथेही जाणवला होता, पण दारावरून गेलेला पाहुणा मुक्कामाला येईलच असं थोडंच आहे? 2002 च्या सरकारी नकाशात गोवा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात, दाखवलाय. तेही मनावर घेऊ नका. आपल्याकडे शेताचा झोन बदलून सेटलमेंट होतो, मग हा का नाही होणार? योग्य माणूस गाठला म्हणजे झालं.

फ्लॅट बुक करताना चौकशी मॉड्युलर किचनची करा, खालच्या मातीची नको. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) किंवा भातशेत मुरूम टाकून भरलेलं असेल तर उत्तमच. अशी मऊ, ओली जमीन हादरा वाढवून वर पाठवते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांनाही काही कमी पडायला नको. इमारत नुसत्या खांबांवर आणि तळमजला पार्किंगला मोकळा हवा. 26 जानेवारी 2001 ला जमीन हलली कच्छात, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्यांच्या इमारती खाली बसल्या. तळमजल्याला चार भिंती असल्याच तर सोसायटीतला कुणीतरी त्या पाडून दुकानाचं शटर बसवेल. त्याला सभेत जाब विचारू नका, उगाच वाईटपणा कशाला? तसं बघितलं तर आपल्याला भूकंपाची गरजही लागत नाही. जानेवारी 2014 मध्ये काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत जमीन तसूभर न हलता कोसळली आणि खाली मजूर गाडले गेले.

वडिलोपार्जित घर असेल तर प्रश्नच मिटला. किल्लारीला 1993 मध्ये जाड दगडमातीच्या भिंतींनीच झोपेतली माणसं चिरडली, पण आपला चिरा तो चिरा! दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा सळईचा काँक्रीटपट्टा घातला तर भिंती एकमेकींना धरून राहतात, असं कुणी इंजिनियर म्हणेल. तुम्ही कंत्राटदाराचं ऐका. तो म्हणेल, ‘बाब, हांगा भूंयकांप जायना.’ पट्ट्याचे पैसे वाचतील, त्यात अंगणात पेव्हर बसवून घ्या. तरीही धाकधूक वाटलीच तर देवळात प्रसाद लावा, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घ्या. उजवी पाकळी पडली की स्ट्रक्चरल ऑडिट झालं.

आता समजा, हललंच. शाळेत पोरांना शिकवतात की खाली बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, डोकं-मान झाका आणि हलणं थांबेपर्यंत टेबलाचा पाय सोडू नका. पोरांना शोभतं ते. कर्त्या माणसाने आधी ‘काय झालं?’ असं ओरडावं, मग चष्मा, मोबाइल आणि घराची कागदपत्रं शोधावीत. कागदपत्रं कपाटात असतात. कपाट भिंतीला ठोकलेलं नसतं. त्यावर दोन सुटकेसा, लग्नात आलेली पितळी समई आणि मिक्सरचं रिकामं खोकं असतं. बरोबर त्याच्याखाली उभे राहा. तिथून निघालात तर लिफ्ट पकडा, सगळी बिल्डिंग जिन्यावर असल्यामुळे ती रिकामी मिळेल.

चवथीचे दिवस असतील तर सरळ माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, बसा. वर नारळांचा घोस, केळीचा घड, चिबूड आणि कुणीतरी खास सत्तरीहून आणलेलं तोरिंजन, सगळं सुंभाने बांधलेलं. देव समोर आहे, नारळ डोक्यावर आहे, कुणाचंच लक्ष चुकणार नाही. (विसर्जन लवकर उरकणाऱ्यांनी पंख्याखाली सोय करावी.)

हलणं थांबलं की गॅसचा वास येतोय का ते काडी ओढून तपासा. नंतर मोबाइलवर ‘रात्री अडीचला दुसरा मोठा धक्का’ असा निरोप येईल. भूकंपाची वेळ जगातल्या एकाही शास्त्रज्ञाला आधी सांगता येत नाही, पण तुमच्या मेव्हण्याला येते. निरोप लगेच पुढे पाठवा.

आणि समुद्र आत ओढला गेलाय असं ऐकलंत तर घरी बसू नका. 1 नोव्हेंबर 1755 ला आपल्या त्या वेळच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांची राजधानी लिस्बन हादरली, तेव्हा लोक मोकळी जागा म्हणून बंदराच्या धक्क्यावर गेले, पाणी हटून उघडा पडलेला तळ बघत राहिले, आणि मग लाट आली. 1945 मध्ये आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याची लाट अरबी समुद्रातून मुंबईपर्यंत पोचली होती. तेव्हा पिशवी घ्या आणि पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चला, तिसऱ्या नुसत्या वेचून घ्यायच्या. जमलं तर रील करा. शहाणी माणसं तोवर आल्तिनो टेकडीच्या चढावर पोचलेली असतील, त्यामुळे एरवी रविवारी मिळत नाही ती गाडी लावायची जागा तुम्हाला अगदी पाण्याजवळ मिळेल.