टीडीएसला घाबरायचं की नालीतल्या पाइपला?

‘सावधान! नळाचे पाणी म्हणजे मंद विष’ असा मेसेज सध्या आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपवर येऊन गेलाय. भावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, पतसंस्थेच्या ठेवीदारांचा ग्रुप, कुठलाच सुटला नाही. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. टीडीएस ३०० च्या वर गेला की किडनी निकामी होते. पाण्यात टाकतात त्या पावडरीने कॅन्सर होतो. पाण्यात वीज सोडली की लपलेला काळा गाळ वर येतो. उकळून, गाळून, तुरटी फिरवून काही होत नाही, आरओ किंवा जार हाच उपाय. आणि शेवटी, आपले आजे-पणजे आडाचं पाणी पिऊन नव्वद वर्षं जगले, तेव्हा कुठे होते हे रोग? खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

आरओशिवाय गत्यंतर नाही आणि आडाचं कच्चं पाणी उत्तम, या दोन गोष्टी एकाच मेसेजात कशा नांदतात हे पाठवणाऱ्यांनी पाहिलेलं दिसत नाही. तरीही हा मेसेज हसण्यावारी नेता येत नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात नळाचं पाणी डोळे झाकून प्यावं अशी परिस्थिती नाहीच. माझं भांडण वेगळं आहे. मेसेज ज्याची भीती घालतो ते बहुतांशी निरुपद्रवी आहे, आणि जे खरोखर आजारी पाडतं त्याचं त्यात नावसुद्धा नाही.

आधी टीडीएस. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड वगैरे. आपला मुलूख काळ्या कातळाचा. भेगांतून मुरलेलं पाणी बोअरमधून वर येतं ते हे क्षार घेऊनच. म्हणून ते जड लागतं, हंड्याला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल जाते आणि तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा सोडत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि डाळीपायी बोअरच्या पाण्याला शिव्या घालणाऱ्यांच्या पंगतीत मीही आहे. पण किडनी? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) म्हणतं की लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणासाठी टीडीएसला मर्यादाच घातलेली नाही. त्यांचं म्हणणं चवीपुरतं आहे: ६०० च्या आत चव चांगली, हजाराच्या पुढे पाणी नकोसं वाटतं. मेसेजातला ३०० हा आकडा कुठून आला ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मुतखड्याचंही खापर जड पाण्यावर फोडलं जातं. मे महिन्यात दिवसभर रानात राबून तांब्याभर पाण्यावर दिवस काढणं हे त्याहून कितीतरी मोठं कारण आहे.

टीडीएस मोजायचा तो पेनासारखा मीटर आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जे गढूळ पाणी येतं, त्यात उकिरड्यापासून उघड्यावरच्या घाणीपर्यंत सगळं वाहून आलेलं असतं. तरी पावसाचं पाणी असल्याने त्याचा टीडीएस बोअरपेक्षा कमीच भरायचा. मेसेजवाल्यांच्या हिशोबाने ते पाणी अव्वल ठरेल.

वीज सोडण्याचा प्रयोग मात्र थेट फसवणूक आहे. आरओ विकणारा माणूस घरी येतो, एका ग्लासात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं पाणी घेतो, दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून स्विच लावतो. मिनिटभरात नळाचं पाणी काळं-तपकिरी होतं, त्यावर शेवाळी फेस येतो, आणि घरातल्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. त्या कांड्या लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, वीज वाहते म्हणून लोखंड झिजून गंजतं, आणि दिसतो तो गाळ त्या गंजाचा. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीजच वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. पुन्हा कोणी आला तर त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून स्विच लावायला सांगा. तेही पाणी काळं होईल, आणि तो माणूस पुढच्या घराची घाई करेल.

आता पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आपल्याकडे जिला सरसकट टीसीएल म्हणतात. कॅन्सरच्या भीतीमागे एक खरा धागा आहे, तो नाकारायचं कारण नाही. धरणाच्या पाण्यातल्या कुजलेल्या पाला-मातीशी क्लोरीनचा संयोग झाला की ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं थोड्या प्रमाणात तयार होतात, त्यांतल्या काहींबद्दल शंका आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्याचा विचार केला, तेव्हा ते कॅन्सरकारक ठरवण्याइतका पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. आणि आरोग्य संघटना स्पष्ट बजावते की या संयुगांच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात कसूर करू नका. संयुगं कमी करायची तर पाणी आधी नीट निवळून, गाळून घ्यायचं आणि मग क्लोरीन द्यायचं. क्लोरीन बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. क्लोरीन बंद झालं तर वाट पाहावी लागत नाही. गॅस्ट्रो दोन-चार दिवसांत दारात येतो, कावीळ महिना-दीड महिन्याने.

आपल्याकडची खरी अडचण उलटी आहे, क्लोरीन पुरेसं नसतं. मानक सांगतं की नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे, म्हणजे वाटेत काही मिसळलं तरी त्याचा बंदोबस्त होतो. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की ते उडून जातं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये असं ठरलेलं आहे. पोतं कधीचं आहे हे गावात कोण विचारतं? त्यातून पावडर एकदम टाकीत ओतली की टाकीजवळच्या गल्लीत नाकाला झोंबणारा वास आणि वेशीबाहेरच्या वस्तीत शून्य. वास आलेले लोक तक्रार करतात, वास न आलेले खूश असतात. खरं तर काळजी दुसऱ्यांनी करायची. वास खटकत असेल तर पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात, वर कापड बांधून रात्रभर ठेवा, बराचसा जातो.

‘उकळून काही होत नाही’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त त्रासदायक. खळखळून उकळी आली आणि मिनिटभर राहिली की गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ पसरवणारे जंतू-विषाणू मरतात. तुरटीचं काम वेगळं. ती गाळ खाली बसवते, जंतू मारण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही, पण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं म्हणून आधी तुरटी, मग मेडिक्लोर (घरी पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) हा क्रम बरोबर आहे. उकळण्याने जात नाही ते फ्लोराइड (जास्त झालं की दात-हाडं बिघडवणारं) आणि नायट्रेट. उलट पाणी आटतं तसे ते दाट होतात. तिथे आरओचा उपयोग खरा आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या माणसाला कोणी ‘आरओ हे खूळ आहे’ म्हणू नये. पण धरणाचं पाणी येणाऱ्या गावात, जिथे नळ आठवड्याने सुटतो, तिथे एका कळशीपाठी दोन-तीन कळश्या नालीत सोडणारं यंत्र बसवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि जार. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून पाणी आत जाण्यापूर्वी ते कार्बनमधून गाळून क्लोरीन काढून टाकतात. म्हणजे बाहेर पडणारं पाणी त्या क्षणी स्वच्छ असेलही, पण त्याला राखण काही उरत नाही. पुढचा सगळा भार जार कसा धुतला, कोणाचा हात लागला आणि छोट्या टेम्पोत उन्हात किती वेळ उभा होता यावर. सीलबंद बाटलीवर परवान्याचा क्रमांक आणि तारीख असते. लग्नात येणाऱ्या थंड जारवर बहुधा सील नाही, क्रमांक नाही, तारीखही नाही. ते पाणी खराबच असतं असं मी म्हणत नाही. चांगलं आहे हे आपण कशावरून म्हणतो, एवढंच विचारतोय.

आजे-पणजांच्या मुद्द्यावर एकच शब्द पुरे आहे: नारू. आपल्याकडच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना विचारा. पायाला फोड यायचा, तो फुटून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत खाटेवर. हा जंत पिण्याच्या पाण्यातूनच यायचा. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालून घागर भरायचे, नारूवाल्याच्या पायातून अळ्या पाण्यात सुटायच्या, त्या सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा खायचा, आणि तो किडा दुसऱ्याच्या तांब्यात. आज ज्या बारवांचे फोटो आपण हौसेने टाकतो, त्यांचं पाणी पिण्याची ही दुसरी बाजू. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली: पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हापसे बसवले, विहिरींत औषध टाकलं, आणि घरोघरी दुपदरी कापडाने पाणी गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मेसेज म्हणतो गाळून काही होत नाही. एक अख्खा रोग हद्दपार करण्यात फडक्याने गाळण्याचा मोठा वाटा आहे. नव्वद वर्षं जगलेले आजोबा सगळ्यांना आठवतात. पटकीत गेलेली त्यांची भावंडं मोजायला कोणी बसत नाही.

मग नळाच्या पाण्यात धोका कुठे आहे? बहुतेक वेळा टाकीपासून आपल्या दारापर्यंतच्या वाटेत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. चार दिवस, आठ दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त दिवस पाइप रिकामा पडलेला असतो. भरलेला पाइप गळला तर पाणी बाहेर येतं. रिकामा झालेला पाइप बाहेरचं आत ओढतो. आणि घरगुती जोडण्यांचे पाइप जातात कुठून? नालीतून. कित्येक गल्ल्यांत नालीच्या काळ्या पाण्यात बुडालेले, सायकलच्या ट्यूबने बांधलेले सांधे दिसतील. दाब कमी म्हणून लोकांनी दारात हात-दोन हात खोल खड्डा खणून नळ खाली घेतलाय, त्याला तोटी नाही, आणि पाणी गेलं की खड्ड्यात साचलेलं तेच पाणी उलटं पाइपात शिरतं. त्यावर कळस म्हणजे थेट नळाला लावलेली मोटार. एकाने मोटार लावली की शेजाऱ्याच्या नळाची हवा जाते, म्हणून तोही लावतो, आणि अख्ख्या गल्लीच्या मोटारी मिळून नालीतली घाण सांध्यांतून आत खेचतात. नगरपंचायतीला नावं ठेवताना हा भाग कोणी काढत नाही, कारण मोटार आपल्याही दारात असते.

नळ सुटल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी म्हणूनच पिण्यासाठी भरू नये, ते सांडायला-धुवायला ठेवावं. खड्डा बुजवून नळ वर घ्यावा, तोटी बसवावी. साठवलेल्या पाण्यात तांब्या बुडवण्याऐवजी ओगराळं वापरावं. गरोदर बाई घरात असेल आणि गावात काविळीची साथ असेल तर उकळण्याला पर्याय नाही. ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते.

बोअरचं पाणी पिणाऱ्यांसाठी नायट्रेट हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरिया, उकिरडे, शोषखड्डे, सगळ्यांचं मुरून शेवटी भूजलात जातं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि टीडीएसला आहे तशी सवलत इथे नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. आणि बाळासाठी म्हणून आपण ते पाणी मुद्दाम जास्त वेळ उकळतो, म्हणजे नायट्रेट आणखी दाट करतो.

तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत. आमच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला पाणी सुटल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहणारी चाचणी, कधी घेतली, पिवळा रंग आला का? ट्यूबमधल्या पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा, दोन मिनिटांचं काम आहे. ती टाकीपाशी घेऊन उपयोग नाही, शेवटच्या घरी घ्यायची. आसपासच्या खेड्यांत राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या पाणीस्रोताला लाल कार्ड मिळालंय (जास्त धोका), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी), ते विचारावं. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, हे सर्वेक्षण करतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं होतं. आपल्या गावातल्या त्या पाच कोण आणि त्यांचा संच कुठल्या कपाटात आहे, तेही.

स्वतः नमुना द्यायचा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. फ्लोराइड-नायट्रेटसाठी त्याच पाण्याने विसळलेली स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, आणि नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा लागतो. म्हणून शनिवारी दुपारी नळ सुटला तर तो नमुना सोडून द्या, पुढच्या पाळीची वाट पाहा.