काका, बाबांना विचारूनच केलं

काका, बाबांच्या मृत्युपत्राबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘बाप समोर बसलेला असताना लेकीने मृत्युपत्राचा विषय काढायचा, ही मुंबईची घाई. आमच्या कोकणात जिवंतपणी कोणी वाटण्या करत नाही. आणि एवढ्या मोठ्या लेखात कागदच कागद, माणूस कुठे आहे?’ असं तुम्ही लिहिलंत. शेवटचा प्रश्न मला लागला, कारण तो खरा आहे. त्याच्याकडे येते. घाईचं मात्र आधी सांगते.

डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सांगितला तेव्हा बाबांना काल रात्री काय जेवलो ते आठवत नव्हतं, पण सातबाऱ्यावर कोणाचा किती हिस्सा हे तोंडपाठ होतं. निदान झालं म्हणजे माणूस त्याच दिवसापासून मोडीत निघाला, असं कायदासुद्धा म्हणत नाही. १९२५ च्या वारसा कायद्यात मृत्युपत्रासाठी अट एवढीच, की ते करताना आपण काय करतोय हे त्या माणसाला कळत असलं पाहिजे. बाबांचं डोकं सकाळी लख्ख असतं, दुपारनंतर गोंधळ सुरू होतो. म्हणून त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घेऊन सकाळीच काम उरकलं. दोन साक्षीदार घरचे नव्हते. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी बाबांनीच ‘नोंदव’ म्हणून सांगितलं.

आणि काका, ही वाटणी नव्हेच. मृत्युपत्र माणसाच्या पश्चात लागू होतं. समज आहे तोवर कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्राचं एका नातेवाइकांनी सुचवलं होतं, ते मीच होऊ दिलं नाही. ते केलं की मालकी त्याच दिवशी हातातून जाते.

माझी खरी धास्ती माझ्या मामांच्या अनुभवातून आलेली. मामांचं खातं एकट्याच्या नावावर, सही जुळेना, बँकेने पैसे अडवले. मामेभावाकडे मुखत्यारपत्र होतं, सगळे त्यावर निश्चिंत. पण देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. नेमकं ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते कुचकामी! शेवटी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा खेपा मुंबईच्या होत्या. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, एवढाच फरक. त्या सगळ्या खटाटोपात मामांना काय हवं हे कोणी विचारलं नाही. विचारण्याची वेळ निघून गेली होती. बाबांच्या बाबतीत ती वेळ हातात असताना मी गप्प बसायला हवं होतं का?

आता माणूस. बाबांची एक झाडांच्या कलमांची वही आहे, लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्रेचाळीस कलमं, प्रत्येकाला नाव, कुठलं एक वर्षाआड धरतं, कुठल्याच्या मुळाशी खडक आहे, सगळं लिहिलेलं. निदानानंतर त्याच वहीच्या मागच्या पानांवर ते स्वतःबद्दल लिहायला लागले. अक्षर आता उतरतं जातं, ओळ खाली घसरते. पहिली ओळ: ‘माका मुंबयक व्हरू नकात’, म्हणजे मला मुंबईला नेऊ नका. खाली दोन दिवसांनी वेगळ्या पेनाने: ‘हिच्यान उचलूक झाला नाय तर व्हरा.’ आईचं वय त्यांनी हिशेबात धरलं होतं. आंघोळ गड्याने घालायची, सुनेने किंवा लेकीने नाही. खाट पडवीत, तोंड खळ्याकडे. म्हातारचळ लागला असं कोणी म्हटलं तर भांडू नका.

नळ्या आणि व्हेंटिलेटरबद्दलही त्यांनीच सांगितलं. असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नोटरीने वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी एक वाक्य थांबवून पुन्हा वाचायला लावलं. तो थांबवणारा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घालतात ते मागणं. आमच्या घरी चतुर्थीला तेच घालतात. कुठल्या पूर्वजाचं नाव कुठे घ्यायचं, हे दुसऱ्या कोणालाच येत नाही. ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं. दोन ठिकाणी अडखळतात, मागून आईचं ‘होय म्हाराजा’ ऐकू येतं. ते अडखळणं मी कापलेलं नाही. जमिनीपेक्षा मला तो वारसा मोठा वाटतो, आणि लेखात नेमका तोच राहिला. तुमची तक्रार रास्त.

तुम्ही सगळ्यात खाली, जाता जाता लिहिलंय की काकू हल्ली आमटीत दोनदा मीठ घालतात, ‘पण वयच झालंय’. काका, ते वयावर ढकलू नका. बी-१२ कमी असलं, थायरॉईड बिघडलं, मन खचलेलं असलं तरी असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत. या आठवड्यात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा काकूंना बाहेर बाकावर बसवू नका. आत न्या, आणि आधी त्यांना बोलू द्या.