नळाचा दिवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मी माझ्या नव्या दिव्याचा फोटो टाकला आणि नाशिकहून भाच्याचं लगेच उत्तर आलं: "मामा, युरोत कमावतोस आणि नळाचा दिवा करतोस?"

गंमत म्हणजे या पठ्ठ्याने मागच्याच महिन्यात गंगापूर रोडच्या एका शोरूममधून अस्साच दिवा घेतला. काळे पाइप, वळणाचे तीन एल्बो, वर पिवळा बल्ब. मोजले साडेअकरा हजार. त्याचा तो 'इंडस्ट्रियल लुक', आणि माझा नळाचा दिवा! दोन दिवस माझं डोकं तापलेलं होतं.

आपल्याकडे हाताने काही करणं म्हणजे परवडत नसल्याची कबुली. इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, माझा बॉस स्वतः बाथरूमच्या टाइल्स लावतो आणि सोमवारी ऑफिसात फोटो दाखवतो. त्याला कुणी 'गवंडी परवडला नाही का' असं विचारत नाही. आणि डिझायनर डिझायनर काय करता? १९६२ साली इटलीच्या कास्तिलिओनी बंधूंनी 'तोयो' नावाचा दिवा केला तो मोटारीच्या हेडलाइटचा. त्याची वायर धरायला मासेमारीच्या काठीच्या कड्या लावल्या. बुडाशी ट्रान्सफॉर्मर, तोच वजनाला. आज तो संग्रहालयात ठेवतात. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एखाद्या फिटरने केला असता तर आपण म्हणालो असतो, जुगाड आहे.

माझ्या दिव्याला सगळं मिळून एकतीस युरो लागले. अर्धा इंची पाइपचे तुकडे, एल्बो, तीन तोंडांचा एक टी, खाली फळीवर बसवायची फ्लँजची चकती, होल्डर, कापडी वेष्टणाची सुंदर लाल वायर. लाकडाची फळी तळघरात पडलेलीच होती. शनिवारी सामान आणलं आणि संध्याकाळच्या आत भोकं पाडून घेतली, कारण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी इथे आवाज करून चालत नाही, ड्रिलचा प्रश्नच नव्हता. पाइपच्या कापलेल्या तोंडाला आत धार राहते, ती वायरचं वेष्टण सोलते, म्हणून गोल कानस फिरवून ती मारली. पाणी वाहायचं नाही, तेव्हा टेफ्लॉन टेपची गरज नाही, आटे हातानेच आवळले. सगळं जोडून झालं, फळीवर उभं केलं, लांबून पाहिलं, आणि लक्षात आलं की वायर घालायची राहिलीच. एल्बोच्या दोन वळणांतून ती मागून सरकेना. पुन्हा सगळं उघडलं. रविवार त्यात गेला, आणि केअरवोखेची, म्हणजे आठवडाभर जिना झाडायची, पाळी आमची होती तेही विसरलो. खालच्या म्हातारीने सोमवारी जिन्यात ऐकवलंच.

हे सगळं मी भाच्याला लिहिलं. त्याने दोनच ओळी पाठवल्या. "तुमच्याकडे माणूस बोलवायला परवडत नाही म्हणून तुम्ही करता. आमच्याकडे तीनशे रुपयांत येतो."

खरं आहे ते. या घरात राहायला आलो तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या, आणि इलेक्ट्रिशियनचा आकडा ऐकून चार महिने टेबललॅम्पवर काढले. मग शिकलो. पण ते ग्रुपवर कोण लिहिणार?

आणखीही एक लिहिलं नाही. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी केलेला असाच एक दिवा होता. कंपनीतून सुटल्यावर आठ दिवस खपून केलेला. जीआय पाइप, आणि शेड म्हणून भांडी बाजारातून घेतलेलं पितळी पातेलं, बुडाला भोक पाडून उलटं टांगलेलं. रात्री भिंतीवर त्याचा पिवळा गोल पडायचा, त्याखाली बसून मी अकरावी-बारावीचा अभ्यास केला. आणि कॉलेज रोडचे सुखवस्तू मित्र घरी येणार म्हटलं की तो दिवा मी मोरीजवळ नेऊन ठेवायचो. बाबांनी कधी विचारलं नाही. तो भंगारात कधी गेला, मला माहीत नाही. मी तेव्हा व्हिसाच्या रांगेत होतो. म्हणजे 'परवडलं नाही का' हा प्रश्न भाच्याच्या कितीतरी आधी त्या घरात मीच विचारलेला आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना नवा दिवा दाखवला. फोन फिरवून फिरवून दाखवला. मनातून वाटत होतं, त्यांना त्यांचा आठवेल, काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनजवळ आले.

"बॉडी लोखंडी आहे. अर्थिंग दिलंस का?"

ती सुंदर लाल वायर दोन कोअरचीच होती, अर्थिंगची तिसरी तार तिच्यात नव्हतीच.

"दिलंय," म्हणालो. फोन ठेवला, प्लग काढला, आणि पाना घेऊन पहिला एल्बो सोडवायला बसलो.