फी भरून पांदणीत

सायकल बेचाळीस हजारांची आहे हे मी गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. ते भाच्यानं सांगितलं. पुण्याहून बंगळुरूला बदली झाली, तिथल्या खोलीत जागा नाही, म्हणून त्यानं आपली माउंटन बाइक माझ्या ओसरीत आणून ठेवली आणि परत जाताना चौकातल्या पानठेल्यावर आकडा बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक माणूस आधी सायकलीला प्रदक्षिणा घालायचा आणि मग मला नमस्कार करायचा.

"सर, मडगार्ड नाई हिले?"

"नाही."

"कॅरिअर?"

"नाही."

"स्टँड? घंटी? चेन कव्हर?"

"नाही."

"मंग जे जे काढून टाकलं त्याचेच पैसे घेतले काय जी?"

खरं म्हणजे पैसे असतात पुढच्या चिमट्यातल्या शॉकअपचे, तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचे आणि हलक्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे. हे मी सुरुवातीला समजावून सांगत असे. पण ऐकणारा "हाव हाव" म्हणत अंगठ्यानं टायर दाबायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "हवा कमी हाय." नंतर मी समजावणं सोडलं आणि चहा विचारायला लागलो.

अशात आमच्या तालुक्यात माउंटन बाइकची शर्यत जाहीर झाली. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या बाजूला. शाळेच्या व्हरांड्यातून चिखलदऱ्याचा डोंगर दिसतो. तो अकराशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि दिसतो तेवढाच बरा, असं माझं नोकरीला लागल्यापासूनचं मत होतं. भाच्यानं मात्र बंगळुरूहून परस्पर माझं नाव ‘चाळीशीपुढील’ गटात घातलं. सहाशे रुपये फी, त्यात टी-शर्ट, नाश्ता आणि मेडल.

"अहो," बायको म्हणाली, "दहा किलो गहू गिरणीत न्या म्हटलं की तुमच्या कमरेत उसण भरते. आणि आता सहाशे रुपये देऊन टेकडी चढणार?"

या ‘देऊन’वर उत्तर नव्हतं. आमच्या भागात सायकल ही चालवावी लागायची, चालवायची नसायची. काळी, चोवीस इंची, मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली. तिच्यावर आम्ही तालुक्याच्या शाळेत गेलो, बाजाराच्या दिवशी मागं सरकीचं पोतं बांधून आणलं. सायकलवरून उतरता यावं म्हणून तर माझ्या पिढीनं डी.एड. केलं. पहिल्या पगारातून मोटरसायकलचा हप्ता सुरू झाला आणि सायकल गोठ्यात गेली. आता परत चढायचं, तेही रविवारी.

शर्यतीआधी सायकल दाखवायला चौकातल्या चाचांकडे नेली. चाचा चाकाचा आउट काढण्यात अख्ख्या पंचक्रोशीत एक नंबर. त्यांना मी या खेळाचं मूळ सांगितलं. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागायचा. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं, आणि खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. तोच खेळ 1996 साली अटलांटात ऑलिम्पिकमध्ये गेला.

चाचांनी बिडी विझवली. "म्हंजे ओव्हरआयलिंगच झालं हे. मी दर दिवाळीले करतो. मले तं कोणी मेडल नाई देल्लं."

मग त्यांनी टायर उघडलं आणि आत बराच वेळ पाहत राहिले.

"टूब कुठी हाय?"

"ट्यूबलेस आहे, चाचा. आत एक पातळ द्रव असतो, काटा लागला की भोक आपोआप बुजतं."

"हेबी काढली," चाचा हताशपणे म्हणाले, आणि भाच्यानं पाठवलेल्या बाटलीतलं ते पांढरं दूध त्यांनी अगदी मोजून, एक थेंब न सांडता टायरात ओतलं.

त्या आधी आयोजक मंडळी शहरातून रस्ता पाहायला आली होती. जंगलात शिरायची सोय नाही, मेळघाट व्याघ्र प्रकल्प 1974 पासून आमच्या डोक्यावर आहे आणि तिथं वाघाच्या वेळापत्रकात सायकली बसत नाहीत. म्हणून शर्यत जंगलाबाहेरच्या टेकड्यांवर आणि पांदणींतून घ्यायची ठरली. सरपंच त्यांना मोठ्या उत्साहानं नव्या सिमेंट रस्त्यावर घेऊन गेले. दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, वळणावर पाटी, सगळं दाखवलं.

"हा नको," पाहुणे म्हणाले. "याहून खराब नाही का?"

सरपंचांना आधी वाटलं चेष्टा चाललीय. मग वाटलं अपमान. वस्तीच्या मागची पांदण ते कुठल्याच पाहुण्याला दाखवत नसत. ती मातोश्री पांदण रस्ता योजनेत बसावी म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केलेले. बैलबंडीच्या गुडघाभर चाकोऱ्या, काळे दगड, मधे नाल्याची रेती, कडेला बाभूळ आणि हिवर, आणि शेवटी मुरमाची टेकडी. नाइलाजानं तिथं नेलं, तर पाहुण्यांचे चेहरे उजळले. एक जण खाली बसून दगडांचे फोटो काढायला लागला.

"वा! याला अजिबात हात लावू नका."

हे वाक्य सरपंच वर्षानुवर्षं ऐकत आलेले. पण कौतुकानं म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

शर्यतीची सकाळ जानेवारीची, बोटं आखडवणारी. आम्ही तर्री-पोहे खाल्ले. अमरावती-नागपूरची मंडळी खात नव्हती, ती कसल्याशा पुड्या फोडून चोखत होती. त्यांच्या अंगात घट्ट कपडे आणि चड्डीला बुडाशी गादी. तशी एक भाच्यानं मलाही पाठवली होती. मी वरून साधी पँट घालून गेलो, तरी सातवीतल्या एका पोट्ट्यानं ती ओळखली आणि "सर, हे घालून सोमवारी येऊ नका," असं मनापासून सांगितलं.

झेंडा दाखवणारे पाहुणे तासभर उशिरा आले. त्या तासात मुख्य पंचांनी नियम सांगितले, आणि त्यातला एक ऐकून मला पहिल्यांदा शर्यतीत गोडी वाटली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत म्हणे ऐंशी टक्क्यांचा नियम असतो: सगळ्यात पुढच्या माणसाला पहिल्या फेरीला जितका वेळ लागला त्याच्या ऐंशी टक्के वेळानं तुम्ही मागं पडलात, की तुम्हाला शर्यतीतून बाहेर काढतात. फेरी अकरा किलोमीटरची, फेऱ्या दोन. मी मनात हिशेब मांडला. पहिल्या फेरीतच बाहेर निघण्याची पूर्ण पात्रता माझ्यात होती. मान ताठ ठेवून घरी जाता आलं असतं, कारण काढलं ते नियमानं.

शिट्टी वाजली. पहिली दोनेक मिनिटं मला शर्यत दिसली. मग तिची धूळ दिसली. मग धूळही खाली बसली आणि पांदणीत मी, मेडिकल स्टोअरवाले भाऊ आणि एक म्हैस एवढे उरलो.

परतवाड्याचा एक दूधवाला आपल्या काळ्या, बिनगिअरच्या सायकलवर उतरला होता. वार्ताहरानं त्याचा फोटो आधीच काढून ठेवला. ‘दूधवाल्यानं लाखोंच्या सायकली मागे टाकल्या’ हा मथळा त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. पहिल्याच नाल्यात दूधवाल्याची चेन उतरली. ती चढवून त्यानं घड्याळ पाहिलं, "धारेची येळ झाली," म्हणाला आणि घरी गेला. शर्यतीतला सर्वांत शहाणा निर्णय त्याचा.

मुरमाच्या टेकडीवर मी आणि मेडिकलवाले भाऊ दोघंही उतरलो. एकमेकांकडे न पाहता उतरलो, म्हणजे आधी कोण उतरलं हे कायमचं अनिर्णित राहिलं. सायकल ढकलत त्यांच्या मुलीचं ‘नीट’ आणि माझा थकीत महागाई भत्ता यांवर बोलणं चाललं होतं. वर धुऱ्यावर माझे माजी विद्यार्थी रांगेनं बसलेले. तूर काढायची सोडून आलेली ही पोरं मी वर्गात जे जे बोललो होतो ते सगळं पाठ ठेवून होती. तेव्हा एकालाही आठवत नसे.

"सर, पाठ सरळ ठेवा!"

"सर, अर्धवट सोडायचं नाई, तुमीच म्हणत होते!"

आणि मी भाऊंच्या मागोमाग दगड चुकवत चाललो होतो, तेव्हा सगळ्यात ढ पोट्टा उभं राहून ओरडला, "सर, भाऊची नक्कल करू नका! आपलं आपलं करा!"

टेकडीपलीकडं एका विहिरीजवळ पाणी ठेवलं होतं. मी सायकल आडवी टाकून केळं सोलायला बसलो. विहिरीचे मालक, सत्तरीचे धोतरवाले बाबाजी, सायकलीजवळ आले आणि त्यांनी टायर दाबलं. माझ्या तोंडात केळं होतं. मी हातानं ‘नको नको’ केलं, त्यांना ते ‘या या’ वाटलं असावं. नातवानं झोपडीतून पंप आणला. व्हॉल्व्ह बसत नव्हता तर कुठूनशी एक नळी जोडली. बाबाजी स्वतः पंपावर पाय देऊन उभे राहिले आणि टायर दगड होईपर्यंत थांबले नाहीत.

"आता पाहा कशी पळते तं."

डोंगरात या टायरात हवा मुद्दाम कमी ठेवतात, पंचवीस-तीस पीएसआय, म्हणजे टायर दगडावर थोडं पसरतं आणि पकड धरतं. पण सत्तरीच्या माणसानं आपल्यासाठी पंप मारल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत ती हवा सोडायची, हे वऱ्हाडात कुणाच्यानं होत नाही. मी आभार मानले, हात जोडले आणि उताराला लागलो.

पळाली. तापल्या कढईतल्या लाहीगत प्रत्येक दगडावर उडत पळाली. शॉकअप खाली दाबायचा आणि टायर वर फेकायचं, मधल्या मधे मी. चाकोरीतून बाहेर, चाकोरीत आत, पुन्हा बाहेर. तूर कापलेल्या शेतात शिरलो तेव्हा धसकटं टायरवर टकटक वाजत होती. टायरातलं दूध मात्र आपलं काम चोख करत होतं, ते कबूल केलं पाहिजे. भोक पडायचं, पांढरा फेस यायचा, आणि चार फेऱ्यांत बुजायचं. सायकल थांबण्याचं एकही कारण उरलं नव्हतं. शेवटी मीच थांबलो, हरभऱ्याच्या कुंपणात.

ते झटका मशीनचं कुंपण होतं. रानडुकरांसाठी आमच्याकडे सगळेच लावतात. वर सोलरची पाटी, खाली बॅटरी, आणि तारेतून साधारण सेकंदाला एक ठोका. व्होल्ट हजारांत असतात, पण वीज क्षणभराचीच, म्हणून जीव जात नाही. डुकराला विचार बदलायला लावण्यापुरती ती असते. दिवसा मालक मशीन बंद करतो. आज मालक शर्यत पाहायला धुऱ्यावर होता. सायकलचं हँडल तारेवर आणि सायकलची दांडी माझ्या मांडीवर, अशी आमची मांडणी झाली होती. टक. अॅल्युमिनियममधून वीज किती विनाअडथळा जाते हे मी सहावीला शिकवतो. टक. पाय दांडीखाली अडकलेला. टक. समोर दोन पोट्टे उभे होते, पण त्यांना उचलायला येता येत नव्हतं, दोघंही व्हिडिओ काढत होते.

"मशीन बंद कर बे!" मी ओरडलो.

"थांबा सर, आवाज येऊन राह्यला का पाहतो."

पहिली फेरी संपली तेव्हा पुढचे लोक दुसरी संपवून ऊसाचा रस पीत होते. माझे ऐंशी टक्के केव्हाच उलटले होते. मी पंचांसमोर हळूच थांबलो आणि त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. पंच शाळेच्या पालकांपैकी निघाले.

"सर, तो नियम मोठ्या स्पर्धेचा. आपल्या इथं कोणाले काढत नाई. प्रत्येकाले मेडल आहे." आणि माइक घेऊन, "टाळ्या! आपले सर दुसऱ्या फेरीसाठी निघत आहेत!"

दुसऱ्या फेरीबद्दल सांगण्यासारखं नाही. टेकडी तीच होती. परत आलो तेव्हा डेकोरेशनवाला कमान काढून टेंपोत भरत होता, त्यामुळं शर्यत नेमकी कुठं संपते यावर माझं आणि मेडिकलवाल्या भाऊंचं थोडं वाजलं. मेडल एका पोत्यातून काढून दिलं. पोहे संपले होते.

मंगळवारी सरपंच फाइल घेऊन शाळेत आले. पांदणीचा नवा अर्ज, सोबत रंगीत फोटो. सगळ्या फोटोंत मी.

"सर, एक सही द्या."

मी वाचलं: ‘सदर पांदणीवरून जात असताना जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक गंभीररीत्या पडले.’

"अहो, गंभीररीत्या नाही. साधाच पडलो."

"साधं पडून रस्ता होत नाई, सर."

मागं नकाशाची झेरॉक्स जोडली होती. पांदणीच्या रेघेवर लाल पेनानं फुल्या मारलेल्या.

"आणि ह्या?"

"तुमी पडले त्या जागा."

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "एवढ्या कशा असतील? यातल्या अर्ध्या तरी मेडिकलवाल्या भाऊंच्या असणार."

"त्याहिची निळ्या पेनानं हाय," सरपंच म्हणाले. "ते पाहा, नाल्यापाशी. एकच हाय."