विंगेतला टॅब्लेट

आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकात विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर कुणाला दिसत नाही, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. बारा वर्षं मी हे काम वहीवर निभावलं. यंदा भाच्याच्या नादाने लॅपटॉप घेतला, पाठीमागे पूर्ण ३६० अंशांत वळणारा.

"मामा, दुमडला की टॅब्लेट. वही कशाला?"

दुमडला. टॅब्लेट म्हणे! दीड किलोचं धूड, एका हाताने धरायचं म्हणजे पोळपाट धरून उभं राहायचं. त्यात मागच्या बाजूला बोटांखाली कीबोर्डची बटणं. मला वाटलं, मागून नाटक पुसलं जातंय! भाच्याने शहाणपण शिकवलं: स्क्रीन आणि कीबोर्ड, दोन्ही भागांत एकेक सेन्सर असतो, कोन १८० अंशांपुढे गेला की बटणं आपोआप बंद. बटणं बंद झाली खरी, पण बोटांना कोण समजावणार? तालीमभर मी ती अंडी धरल्यासारखी धरली.

जत्रेच्या रात्री विंगेत उकाडा. घामेजलं बोट स्क्रीनला कळेना. पान सरकवायला जावं तर सरकेना, आणि चुकून एखाद्या संवादावर टेकलं तर यंत्राला वाटे, ह्यांना टाइप करायचंय. खालून भला थोरला कीबोर्ड वर येई आणि अर्धा प्रवेश गिळून बसे. रोटेशन लॉक करावं, म्हणजे यंत्र कललं तरी स्क्रीनवरचं पान फिरत नाही, हे मला सुचलं होतं, पण घरी. तेव्हा लॅपटॉप उघडा होता, म्हणून ते बटण करडं, दाबलं जाईना. दुमडल्यावरच ते जिवंत होतं, ही अक्कल नंतर आली.

दुसरा अंक. सरदार धावत आला, मुजरा केला आणि गप्प. वाक्यच विसरला. महाराजांनी सांभाळून घेत पुन्हा विचारलं, "बोला सरदार, आमच्या सेनापतींचं काय झालं?"

सरदाराचा कान माझ्याकडे. मी वाक्य दाखवायला जरा पुढे वाकलो, आणि उभा अंक गर्रकन फिरला. तोंडातून निघून गेलं, "अरे, आडवा झाला!"

सरदाराने छाती पिटली. "आडवा झाला महाराज, आडवा झाला!"

प्रेक्षकांत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विजयाची वार्ता घेऊन पुढच्याच प्रवेशात यायचा होता तो सेनापती, फेटा बांधून, तलवार कमरेला लावून, माझ्या शेजारीच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे आणि दबक्या आवाजात विचारलं, "आता मी जाऊ की नको?"