‘सेटिंगशिवाय नोकरी नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचे निकाल लागले, आयटीआयच्या परीक्षा संपल्या की खान्देशातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. अर्ज भरत बसू नका, जाहिरात निघते तेव्हा जागा विकल्या गेलेल्या असतात. कंपनीत वशिला लागतो, सरकारी नोकरीला पाकीट. आलेले अर्ज कुणी उघडूनही बघत नाही. जळगाव-धुळे-नंदुरबारात कारखानेच नाहीत, सुरत नाहीतर पुणं गाठा. आणि सगळ्यात शेवटी: योग्य माणूस धरा.

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात भरतीचं काम बघते. हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक जण मामा, काका, गावातले सर असतात, पोराच्या काळजीपोटी पाठवतात. पण तो वाचून जी पोरं अर्जच करत नाहीत, ती माझ्यापर्यंत येतच नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी वडिलांनी एजंटला पैसे दिल्याचं कानावर येतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘जागा आधीच विकलेल्या असतात.’

यात खरं आहे ते आधी सांगते. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलावी लागली, टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं उघड झालं. काही खासगी शिक्षण संस्थांत डोनेशन मागतात हेही आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याची चीड यायलाच हवी. पण टीईटीच्या प्रकरणात पुढे काय झालं ते मेसेजमध्ये नसतं. साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली, त्यांचा निकाल रद्द झाला. दिलेले पैसे गेले आणि कपाळावर शिक्का बसला.

आता भुसावळ घ्या. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या, भरतीत भुसावळसाठी वेगळ्या जागा असतात. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढतात, त्यावर यादी लागते. यात वशिला लावायचा तरी कुठे? रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल वनच्या (पूर्वीच्या ग्रुप डीच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. परीक्षा द्यावी लागते, पण स्पर्धा कमी होते. शेतकऱ्याच्या पोराने सेटिंगची वाट बघत हा अर्ज सोडून द्यावा, यासारखं दुःख नाही.

पोलीस भरतीत मैदानी ५० गुण, लेखी १००. मैदानीत मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची. धुळ्यात पहाटे अंधारात पळणाऱ्या पोरा-पोरींना हे तोंडपाठ आहे. शिक्षक भरतीतही पवित्र पोर्टलवरच्या ‘मुलाखतीशिवाय’ पर्यायात अभियोग्यता चाचणीचे गुण बघून नाव लागतं.

सरकारी भरतीत आपली पोरं हमखास कुठे अडकतात सांगू? कागदपत्रांच्या पडताळणीत. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. आधारवर नाव एक, मार्कशीटवर दुसरं. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पोरांचं जमात वैधता प्रमाणपत्र समितीपुढे पडून. गुण असूनही पोरगं बाहेर पडतं, आणि गावात चर्चा होते की पैसे भरले नाहीत म्हणून नाव गेलं.

‘अर्ज कुणी वाचत नाही.’

मी वाचते. रोज वाचते. एक्स्ट्रूडरवर (पाइप काढायच्या यंत्रावर) ऑपरेटर हवा अशी जाहिरात टाकली की दोन दिवसांत फोन मेसेजनी भरून जातो. त्यातले निम्मे ‘सर जॉब आहे का’ एवढेच. नाव नाही, ट्रेड नाही, गाव नाही. दुसरा गठ्ठा नेट कॅफेतून काढलेल्या बायोडाट्यांचा. सगळ्यांत वर तोच इंग्रजी परिच्छेद, खाली छंद, क्रिकेट आणि वाचन. आयटीआय कोणत्या ट्रेडमधून, कोणत्या वर्षी, ते शोधावं लागतं. दिलेल्या नंबरवर फोन लावला तर कॅफेवाला उचलतो.

मागे एका पोराचा मेसेज आला होता, साध्या मराठीत, चार ओळींचा. आयटीआय फिटर, चोपडा. दीड वर्ष चटईच्या कारखान्यात लूमवर काम केलं. तिन्ही पाळ्यांत येईन. राहायला मेहरूणला मावशीकडे. मला हवं ते सगळं त्यात होतं: काम येतं का, रात्रपाळीला येईल का, टिकेल का. मी तासाभरात फोन केला. त्याच्याकडे कुणाची चिठ्ठी नव्हती.

चिठ्ठ्या येतात, ते नाकारत नाही. कधी चिठ्ठीवाल्याला ठेवूनही घ्यावं लागतं. पण पाइपची जाडी बिघडली की अख्ख्या पाळीचा माल भंगारात जातो, आणि मग मालक चिठ्ठी कुणाची होती ते विचारत नाहीत. आमचाच एखादा ऑपरेटर येऊन सांगतो, ‘मॅडम, माझा चुलतभाऊ आहे, हात चांगला आहे.’ त्याचं मी ऐकते, कारण उद्या भाऊ दांड्या मारायला लागला तर त्याला खाली बघावं लागतं. अशी ओळख जगात सगळीकडे चालते. तिच्यात पैसे नसतात. आपल्या गल्लीतला जो कुणी कारखान्यात जातो, त्याला मोकळेपणाने विचारा की जागा आहे का. त्यात लाज कसली?

‘खान्देशात कारखानेच नाहीत.’

जळगावात पाइप, ठिबक, चटया, डाळ मिल. भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणी, वरणगावला दुसरी आयुध निर्माणी, दीपनगरला वीज केंद्र. धुळ्याला अवधानची एमआयडीसी, पुढे नरडाण्याची. शिरपूरला आणि नवापूरला कापड, नंदुरबारला मिरची. हंगामात जिनिंग तर ठिकठिकाणी. पगार पुण्यापेक्षा कमी आहेत, बरीच कामं ठेकेदारामार्फत चालतात, इंजिनिअर झालेल्याला बाहेर जावं लागतं, हे सगळं कबूल. सुरतेत उधना-लिंबायतला आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबताहेत, तीही हौसेने गेली नाहीत. जायचं तर जा, पण इथे काही नाहीच हे कुणाच्या तरी मेसेजवरून ठरवू नका.

इथेच सुरुवात करायला वाटा आहेत. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत, तिला अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. कारखान्याच्या फाटकावर ‘हेल्परची जागा आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘अप्रेंटिस घेता का’ असं विचारून बघा. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं. ही नोकरी नाही, मुदत संपली की घरी बसावं लागतं, म्हणून तिच्यावर विसंबू नका. पण अर्जात लिहायला एक खरा अनुभव मिळतो, आणि माझ्यासारखी बाई तोच आधी बघते.

‘योग्य माणूस धरा.’

सगळा मेसेज या एका ओळीसाठी असतो. आधी पोराला पटवायचं की सरळ मार्ग बंद आहे, मग वाकडा मार्ग दाखवणाऱ्याचं दुकान चालतं.

त्या माणसाचा धंदा कसा चालतो ते नीट समजून घ्या. तो दहा जणांकडून पैसे घेतो आणि काहीच करत नाही. दहातले दोघं आपल्या गुणांवर लागतात. त्यांना वाटतं याच्यामुळे लागलो, गावभर तसं सांगतात. उरलेल्या आठांना ‘पुढच्या यादीत नाव आहे’ असं सांगत वर्ष काढतो, फारच ओरडा झाला तर थोडे परत करतो. ‘अमक्याचं काम पैसे देऊन झालं’ अशा गोष्टी इतक्या ऐकू येतात त्या यामुळे.

एका बापाने माझ्यापुढे असं एक नेमणूकपत्र ठेवलं होतं. वर रेल्वेचं चिन्ह, खाली जांभळा गोल शिक्का, पद तिकीट तपासनीस. सहीखाली अधिकाऱ्याचं पद नव्हतं. ईमेल जीमेलचा. मेडिकलसाठी आठ दिवसांत पैसे भरा, असं जाड अक्षरात. कपाशीचे आलेले पैसे आधीच जाऊन बसले होते. त्यांना मूर्ख म्हणू नका. ‘भाऊ, पोरले नोकरी लागनी का?’ हा प्रश्न पारावर रोज ऐकणाऱ्या माणसाला शिक्का दिसला की धीर येतो.

रेल्वे असं थेट घरी पत्र पाठवून कुणाला कामावर घेत नाही. आरआरबीची, म्हणजे रेल्वे भरती मंडळाची, जाहिरात निघते, संगणकावर परीक्षा होते, मग कागदपत्रं आणि मेडिकल. लेव्हल वनचं शुल्क खुल्या गटाला ५०० रुपये, आणि परीक्षेला बसलात तर त्यातले ४०० खात्यात परत येतात. खासगी कंपनीही मुलाखतीसाठी, गणवेशासाठी, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून आगाऊ पैसे मागत असेल तर तिथून उठा.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांच्यासाठी. ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. रोख दिले असतील तर मेसेज, पत्र, फोनवरचं बोलणं, काहीही पुसू नका, तेवढं घेऊन पोलीस ठाण्यात जा. त्याच माणसाला पैसे दिलेले आणखी कुणी गावात असतील, त्यांनाही न्या. आणि एजंटने दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवली असेल, तर ती सोडवायला आणखी एक रुपयाही देऊ नका. नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज केला की दुय्यम प्रत मिळते.