माझ्या मांडीवरचा तो बछडा आणि दादाची कॉमेंट

आज सकाळी फेसबुकने जुना फोटो वर काढला. २०१४, थायलंड, माझ्या मांडीवर वाघाचा बछडा, हातात दुधाची बाटली आणि मी तोंडभर हसतेय. मी तो शेअर करून एवढंच लिहिलं की हे मी करायला नको होतं. तर दादाची कॉमेंट, "का गं? उलट असे फार्म आपल्याकडे पण काढले पाहिजेत. एवढी कोंबडी खातात लोक, संपली का कोंबडी? वाघ विकायला लागा, बघ कसे वाढतात." आणि त्याला एकवीस लाईक, सगळे आपलेच लोक! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, भाजी पण करपली.

दादा, तू चंद्रपूरचा आहेस रे. पुण्या-मुंबईच्या कोणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

कोंबडी चोरायला कोणी जंगलात जात नाही, कारण खुराड्यातली स्वस्त पडते. वाघाचं नेमकं उलटं आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला वर्षानुवर्षं रोज किलो-किलोने मांस घालावं लागतं, आणि जंगलातला वाघ आपल्या जंगलाने फुकट पोसून तयार ठेवलेला असतो, त्याच्या पाणवठ्याच्या वाटेवर एक लोखंडी सापळा पुरला की काम झालं. पंजा अडकला की तोंडात भाला घालतात, कातडं खराब होऊ नये म्हणून. आणि औषधाला हाडं घेणारा गिऱ्हाईक काय म्हणतो, तर जंगलातल्याच वाघाची हाडं अस्सल, त्यातच ताकद. मग फार्म काढून वाचलं कोण?

चीनमध्ये हे सगळं करून झालंय. १९८६ पासून तिकडे वाघांची पैदास चाललीय, आज पाच-सहा हजार वाघ पिंजऱ्यात आहेत म्हणतात, आणि त्यांच्या जंगलात किती, तर काही डझन. १९९३ ला त्यांनी वाघाच्या हाडांवर बंदी घातली, पण फार्म तसेच ठेवले, सांगाडे साठवत राहिले, हाडं दारूत मुरवून विकणं लपूनछपून चालूच. मग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये म्हणाले की फार्मच्या वाघाची हाडं औषधाला चालतील, जगभर ओरडा झाला तेव्हा नोव्हेंबरमध्ये थांबवलं. फक्त थांबवलं. आणि एकदा फार्मचं हाड कायदेशीर झालं की त्याच पोत्यात आपल्या ताडोब्याचं हाड टाकलं तर कोण ओळखणार? २००७ मध्येच सायटीसमध्ये, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, सगळ्या देशांनी ठरवलंय, की अवयवांच्या व्यापारासाठी वाघांची पैदास करायची नाही. ऐकतंय कोण.

त्या फोटोतल्या दिवसाचं सांगते. तिथला माणूस म्हणाला, याची आई मेली, आम्ही याला वाचवलं. मला इतकं भरून आलं ना, मी वेगळे पैसे देऊन परत बाटली घेतली. पण त्या हॉलमध्ये एकाच वयाचे नऊ बछडे होते. नऊच्या नऊ अनाथ? तेव्हा डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे वाघीण पिल्लांना दोन वर्षं जवळ ठेवते, शिकार शिकवते. तिथे काही आठवड्यांतच काढून घेतात, म्हणजे ती लवकर परत माजावर येते आणि पुढची पिल्लं मिळतात. वाचवलं म्हणे!

दोन वर्षांनी, २०१६ ला, थायलंडमधल्याच कांचनाबुरीच्या वाघमंदिरावर धाड पडली. आम्ही गेलो ती जागा ही नव्हे, पण धंदा तोच. १३७ वाघ बाहेर काढले आणि फ्रीझरमध्ये चाळीस मेलेले बछडे सापडले. ती बातमी वाचली त्या रात्री मी हा फोटो काढून कितीतरी वेळ बघत होते, तो मोठा झाल्यावर, बाटलीच्या वयाचा राहिला नाही तेव्हा, त्याचं काय केलं असेल.

मगरींच्या बाबतीत फार्मचा काही ठिकाणी उपयोग झाला, मान्य. पण मगर म्हणजे वाघ नव्हे, मगरीचं उदाहरण मला देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात दोनशेवर वाघ आहेत. शेतात जायची भीती वाटते, माणसं मरतात, ते मी विसरलेले नाही, आपल्याच काकांच्या गावात झालंय. पण २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याला शिकारी टोळीचा माणूस पकडला, त्याचे धागे पार म्यानमारच्या सीमेपर्यंत गेले. पिंजऱ्यात हजारो वाघ पडलेले असताना राजुऱ्यापर्यंत कशाला येतात हे लोक?

दादा, रागावू नकोस. तुला वाघ वाढावेत असंच वाटतं हे मला माहितीये, ताडोब्यात मोहर्लीला पहिल्यांदा तूच नेलं होतंस आम्हाला, लाल डब्यातून, आणि दिवसभर फक्त पगमार्क दिसला तरी आपण खूश होतो. म्हणून तर जास्त लागलं.

बाटली अर्धी असतानाच त्या माणसाने ओढून घेतली होती, पुढच्या गिऱ्हाईकाचा नंबर होता. बछडा माझी ओढणीच चोखायला लागला. मला तेव्हा ते गोड वाटलं, त्याचाही फोटो आहे.

वहिनी, तुम्ही दिवाळीत निघताय त्या टूरचा कागद ग्रुपवर बघितला मी. तिसऱ्या दिवशी दुपारी 'टायगर' लिहिलंय. एजंटला ते काढायला सांगा, पैसे परत नाही दिले तरी चालेल, मी देते. रात्री नऊनंतर फोन करते.